जागल्याचा निरोप

'जागल्या' हा शब्द गेल्या काही वर्षांत मराठी वृत्तपत्रांनी पुन्हा चलनात आणला आहे, पण वेगळ्या अर्थाने. संस्थेच्या आतला गैरव्यवहार चव्हाट्यावर आणणाऱ्या माणसाला आता जागल्या म्हणतात. मूळ अर्थ याहून साधा होता. गाव झोपलेले असताना जो जागा राहतो, तो जागल्या. काही घडले तर त्याने हाळी द्यावी आणि काही न घडले तर आपले असणेही कोणाला जाणवू देऊ नये, एवढेच त्याचे काम. या मूळ अर्थाचा जागल्या आज यंत्रांच्या जगात आढळतो. तिथे तो बहुधा बिनपगारी असतो, आणि एके दिवशी थकून 'आता पुरे' म्हणतो. त्याने ते कसे म्हणावे, आणि ज्यांच्यासाठी तो जागला त्यांचे काही देणे लागते काय, हे दोन प्रश्न या लेखाचा विषय आहेत. विषय तांत्रिक वाटला तरी तो साहित्याच्या अभ्यासकांनी परका मानू नये. कारण अखेरीस हा चिन्हांचा आणि मौनाच्या अर्थाचा प्रश्न आहे.

आधी थोडी माहिती. कोणतेही संकेतस्थळ कुठल्या तरी संगणकावर, म्हणजे सर्व्हरवर, ठेवलेले असते. तो सर्व्हर बंद पडला हे त्याच्या मालकाला बहुधा शेवटी कळते. म्हणून दूर असलेला दुसरा एखादा संगणक दर काही मिनिटांनी त्याला 'आहेस का?' असे विचारत राहतो. दोनतीनदा विचारूनही उत्तर आले नाही, तर मालकाला ईमेल किंवा लघुसंदेश जातो. हे काम करणारी 'नागिऑस' नावाची एक प्रसिद्ध मुक्त प्रणाली आहे. १९९९ मध्ये ती आली तेव्हा तिचे नाव 'नेटसेंट' होते. पुढे ते नाव सोडावे लागले, आणि 'आता संतपदाचा आग्रह नाही' अशा आशयाच्या गमतीदार इंग्रजी वाक्याची आद्याक्षरे घेऊन 'नागिऑस' हे नाव तयार झाले. अशा प्रणाली फुकट मिळत असल्यामुळे दोन-चार स्वयंसेवक भाड्याचा एखादा सर्व्हर पदरमोड करून चालवतात आणि छोट्या नियतकालिकांच्या, ग्रंथसंग्रहांच्या, हौशी कोशांच्या संकेतस्थळांवर विनामूल्य पहारा ठेवतात. पैसे देऊन पहारेकरी नेमण्याची ऐपत नसलेल्यांचा हा आधार असतो.

असा पहारा थांबवावासा वाटण्याची कारणे समजण्याजोगी आहेत. माणसांची वये वाढतात, घरच्या जबाबदाऱ्या वाढतात, आणि रात्री तीन वाजता वाजणारा फोन विशीत जेवढा रोमहर्षक वाटतो तेवढा चाळिशीत वाटत नाही. प्रणाली जुन्या होतात. नियमही बदलतात. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमावलीनंतर भारतात घाऊक लघुसंदेश पाठवणाऱ्याला स्वतःची, प्रेषकनामाची आणि संदेशाच्या साच्याचीही नोंदणी करावी लागते. गैरवापर रोखण्यासाठी हे योग्यच आहे. पण नोंदणीकृत संस्था नसलेल्या चार मित्रांना ते जमणे कठीण. तेव्हा थांबणे हा गुन्हा नाही, हे प्रथमच स्पष्ट करून टाकू. अडचण थांबण्याच्या रीतीत आहे.

ही अडचण नीट समजण्यासाठी नियतकालिकांशी तुलना करून पाहावी. 'सत्यकथा' १९८२ मध्ये बंद झाले. साठोत्तरी काळातली अनियतकालिके तर बंद पडण्यासाठीच जन्माला आली होती, असे आपण कौतुकाने म्हणतो. पण नियतकालिक बंद पडले की वाचकाला ते आपोआप कळते: अंक येत नाही. ज्या गोष्टीचे अस्तित्व येण्यातून जाणवते, तिचा अंत न येण्यातून जाणवतो. पहाऱ्याचे नेमके उलट आहे. तो नीट चालू असतो तेव्हा काहीच येत नाही, आणि तो बंद पडतो तेव्हाही काहीच येत नाही. बाहेरून पाहता या दोन स्थितींत यत्किंचितही फरक नसतो. 'सर्व कुशल आहे' आणि 'पाहणारा कोणी उरला नाही' या दोन वाक्यांसाठी पहाऱ्यापाशी एकच शब्द असतो, तो म्हणजे मौन.

आपल्या परंपरेत या पेचाचा विचार फार पूर्वीच झाला आहे. भाट्ट मीमांसक आणि अद्वैत वेदान्ती अनुपलब्धीला स्वतंत्र प्रमाण मानतात. जमिनीवर घट दिसत नाही, यावरून घटाचा अभाव कळतो. मात्र त्याला एक अट आहे: घट असता तर तो दिसलाच असता, अशी परिस्थिती हवी. अंधारात घट दिसला नाही, म्हणून तो नाही असे म्हणता येत नाही. इशारा न येणे हे कुशलतेचे प्रमाण ठरते ते याच अटीवर, की संकट आले असते तर इशारा आलाच असता. जागल्या न सांगता निघून गेला की ही अट मोडते. आणि ती मोडली हे कोणालाच कळत नाही, म्हणून लोक अंधारात पाहून 'घट नाही' असे निःशंकपणे सांगत राहतात.

याची एक दुःखद बाजू आपल्या जिल्ह्याने पाहिली आहे. ३० जुलै २०१४ च्या पहाटे आंबेगाव तालुक्यातले माळीण डोंगराखाली गाडले गेले आणि १५१ माणसे गेली. गावाकडून हाक आली नाही, कारण हाक मारायला कोणी उरले नव्हते. नेहमीच्या फेरीवर गेलेल्या एस.टी.च्या चालकाला गाव जागेवर दिसले नाही, तेव्हा ती बातमी बाहेर आली. एस.टी.ची फेरी ही काही पहाऱ्याची योजना नव्हती. पण रोज ठरल्या वेळी कोणीतरी तिथे जाऊन 'आहे का?' हे नकळत पाहत होते, म्हणून निदान कळले तरी. संकटात सापडलेला स्वतः सांगू शकत नाही. बाहेरच्या कोणीतरी नेमाने विचारावे लागते. स्वयंसेवकांच्या त्या छोट्या सेवेचे मोल यात आहे, आणि तिच्या मूक अंताचा धोकाही यातच आहे.

न सांगता थांबणे वाईट, तसेच सांगूनही अर्धवट थांबणे वाईट. 'ओआरडीबी' ही डेन्मार्कमधून चालणारी स्वयंसेवी सेवा याचे उत्तम उदाहरण आहे. जगभरच्या टपाल-सर्व्हरांपैकी कोणते कोणाचेही ईमेल बेलाशक पुढे ढकलतात, हे तपासून ती त्यांची यादी ठेवी. इतर सर्व्हर ती यादी विचारून नको ते टपाल अडवीत. डिसेंबर २००६ मध्ये चालकांनी सेवा बंद केल्याचे जाहीर केले. स्वयंसेवकांना वेळ उरला नव्हता आणि पद्धतही कालबाह्य झाली होती. इथवर सारे रीतसर झाले. पण असंख्य सर्व्हर त्यानंतरही तीच यादी विचारत राहिले, कारण ज्याने कधीकाळी ती सोय बसवली तो माणूस ते विसरला होता किंवा नोकरी सोडून गेला होता. अखेर मार्च २००८ मध्ये त्या पत्त्यावरून प्रत्येक प्रश्नाला 'होय, हा दोषी आहे' असे उत्तर येऊ लागले. परिणामी विसरभोळ्यांचे सगळेच टपाल अडले आणि तेव्हा त्यांना जाग आली. ही शिक्षा क्रूर होती की आवश्यक, यावर दोन्ही बाजूंनी बोलता येईल. मला मात्र यात दोघांचाही दोष दिसतो. चालकांनी निरपराधांचे टपाल अडवले, हा एक. आणि सव्वा वर्ष आपण कोणाच्या भरवशावर आहोत याची चौकशीही न करणाऱ्यांचा दुसरा, आणि माझ्या मते मोठा.

आमच्या वराळ्यापासून फार लांब नसलेल्या कुंडमळ्यात, त्याच इंद्रायणीवर, १५ जून २०२५ रोजी जुना लोखंडी पूल कोसळला आणि चार माणसे गेली. तो पूल धोकादायक ठरलेला होता, तसा फलक होता, नव्या पुलाला मंजुरीही होती. म्हणजे कागदोपत्री तो निवृत्तच झाला होता. फक्त नदीवर उभा होता, आणि रविवारची गर्दी त्यावर जात होती. पूल आणि संगणकीय सेवा यांची तोलामोलाची तुलना मला करायची नाही. मनुष्यहानीपुढे टपाल अडणे ही क्षुल्लक बाब आहे. पण दोन्हींत एक नियम समान दिसतो: निवृत्ती जाहीर करणे आणि निवृत्ती अमलात आणणे या दोन वेगळ्या कृती आहेत. पहिली करून दुसरी टाळली, तर धोका कमी न होता वाढतो, कारण जबाबदारी तेवढी संपलेली असते आणि वापर चालूच राहतो.

यावर कोणी म्हणेल, थांबायचेच कशाला? दुसऱ्या कोणाच्या हाती द्यावे. ही सूचना सद्हेतूची आहे, पण निष्पाप नाही. 'एक्सझेड' या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या मुक्त प्रणालीचा एकटा, विनावेतन सांभाळ करणारा माणूस थकला होता. त्याच्यावर 'काम पुढे सरकत नाही, दुसऱ्याला द्या' असा दबाव येत राहिला, आणि दोनेक वर्षे निष्ठेने मदत करणाऱ्या एका व्यक्तीकडे अधिकार गेले. त्या व्यक्तीने प्रणालीत चोरदार बसवले होते, हे मार्च २०२४ मध्ये उघड झाले. तेही एका अभियंत्याला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद उशीर का लागतो, असा प्रश्न पडला म्हणून. पहाऱ्याच्या सेवेपाशी लोकांचे पत्ते, दूरध्वनी आणि कोणाचे दार कधी उघडे असते याची नोंद असते. ती किल्ली योग्य हाती देता येत नसेल, तर किल्ली मोडून टाकणे हाच प्रामाणिकपणा होय.

चांगला निरोप कसा असतो, याचाही दाखला आहे. संकेतस्थळांना विनामूल्य सुरक्षा-प्रमाणपत्रे देणारी 'लेट्स एन्क्रिप्ट' ही ना-नफा सेवा प्रमाणपत्राची मुदत संपत आली की ईमेलने आठवण करून देत असे. जानेवारी २०२५ मध्ये तिने सांगितले की हे इशारे ४ जूनपासून बंद होतील. कारणे दिली: बहुतेकांचे नूतनीकरण आता आपोआप होते, लाखो ईमेल-पत्ते जपणे खासगीपणाच्या दृष्टीने बरे नव्हे, आणि खर्चही होतो. पर्याय कोणता तेही सांगितले. दिवस ठरला, कारण दिले, पर्याय दाखवला, जवळची माहिती कमी केली. याहून अधिक काही मागण्याचा अधिकार कोणाला नाही.

हा अधिकाराचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि तो तपासायला पुन्हा जुन्या जागल्याकडे जावे लागते. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गांवगाडा' (१९१५) या ग्रंथात गावकीचे जे चित्र आहे, त्यात राखणदारांचे काम जातीने वाटून दिलेले दिसते. महार वेसकराने वेस राखायची, सरकारी सांगावा पोचवायचा, मर्तिकाची वर्दी परगावी न्यायची. बदल्यात वतनाची तुटपुंजी जमीन आणि बलुते. या व्यवस्थेला 'सेवा' म्हणत, पण ती नाकारण्याची मुभा नव्हती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबईच्या कायदे कौन्सिलात याविरुद्ध विधेयक मांडले. कनिष्ठ ग्रामवतने रद्द करणारा कायदा १९५८ चा. म्हणजे ज्याच्या जागण्यावर गाव झोपत होते, त्याला 'मी उद्यापासून जागणार नाही' एवढे वाक्य कायद्याच्या बळावर उच्चारण्यासाठी तीन दशके थांबावे लागले.

आजचा स्वयंसेवक त्या वेठीत नाही. तो शिकलेला आहे, स्वखुशीने आला आहे, स्वखुशीने जाऊ शकतो. दोन्ही दुःखे एका मापाने मोजणे हा जुन्या दुःखाचा अपमान ठरेल. पण गावाची वृत्ती मात्र फारशी बदललेली नाही. दुसऱ्याचे जागणे हे आपल्या झोपेचे नैसर्गिक अंग आहे असे आपण मानतो, त्याची आठवण तो चुकला की काढतो, आणि तो थांबू म्हणाला की 'असे कसे थांबता?' हा आपला पहिला उद्गार असतो. १४ जुलै २०१३ ला तारसेवा संपली, तेव्हा शेवटची तार करायला लोकांनी रांगा लावल्या. विनामूल्य पहारेकऱ्यासाठी कोणी रांग लावत नाही. त्याला जी पत्रे येतात, ती बहुधा तक्रारीची.

तेव्हा माझे मत असे. स्वयंसेवक आपल्या वापरकर्त्यांना अखंड सेवा देणे लागत नाही. स्पष्ट शेवट देणे मात्र लागतो. सेवा फुकट होती, हा इथे बचाव होऊ शकत नाही, कारण हे ऋण पैशातून आलेले नसते. 'निश्चिंत झोपा' असे त्याने म्हटले होते, लोक झोपले, त्यातून ते आले. म्हणून किमान दोन-तीन महिने आधी तारीख सांगावी, एकदा नव्हे तर अनेकदा. शेवटच्या दिवसांत मुद्दाम इशारे पाठवून मौन मोडावे, म्हणजे विसरलेलाही जागा होईल. नंतर उत्तर देणे पूर्ण थांबवावे, खोटे उत्तर देऊ नये. आणि जमवलेली माहिती पुसून टाकावी.

वापरणाऱ्यांचे देणेही तेवढेच खरे आहे. मराठी विभागांची, वाङ्मय मंडळांची, छोट्या संग्रहांची संकेतस्थळे सांभाळणारे आपण बहुतेक या दुसऱ्या पक्षात मोडतो. आपल्यावर कोण पहारा ठेवते, शेवटचा इशारा कधी आला होता, तो माणूस अजून तिथे आहे का, हे वर्षातून एकदा विचारायला फार तंत्रज्ञान लागत नाही. जागल्यालाही अधूनमधून कोणीतरी 'आहेस का?' असे विचारायला हवे. त्याचे उत्तर 'आहे, पण थकलो आहे' असे आले, तर त्याला थांबवून धरू नये. आपली पाळी आली एवढेच समजावे.