गोळीबरोबर रुग्णाची कैफियतही ऐकली जावी

प्रति,
मा. कुलगुरू,
महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ, म्हसरूळ, नाशिक



१९९८ साली स्थापन झालेल्या आपल्या विद्यापीठाच्या परीक्षा उत्तीर्ण होऊन या राज्यातील बहुसंख्य डॉक्टर रुग्णसेवेस रुजू होतात. म्हणूनच नैराश्यावरील औषधे घेणाऱ्या माणसांची जी कैफियत तपासणीच्या खोलीत सांगावयास सहसा अवसर मिळत नाही, ती आपल्यापुढे उघडपणे मांडण्याची अनुज्ञा असावी.

या औषधांविरुद्ध माझी फिर्याद नाही. एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन यांसारख्या गोळ्यांनी अनेकांना अंथरुणातून उठवून पुन्हा कामाला लावले आहे. परंतु मळमळ, अस्वस्थता, बिघडलेली झोप हे त्रास पहिल्याच दिवसांत सुरू होतात आणि गुण मात्र दोन ते सहा आठवड्यांनी येऊ लागतो. हा क्रम ज्याला कोणी समजावून दिला नाही, तो निफाडचा द्राक्षबागायतदार असो वा सातपूरच्या कारखान्यात यंत्रावर उभा राहणारा कामगार, आठवड्याभरातच औषध बाधले असे मानून ते बंद करतो. दुसरा नेटाने गोळ्या घेतो, त्याला बरे वाटू लागते, आणि नेमके तेव्हाच घरची माणसे म्हणतात, ‘आता बरा आहेस ना, मग गोळ्या कशाला?’ औषध एकाएकी सुटले की चक्कर येते, डोक्यात विजेचे झटके बसल्यासारखे वाटते. पॅरोक्सेटिन वा व्हेन्लाफॅक्सिन घेणाऱ्यांना हा त्रास विशेष होतो. मात्रा हळूहळू उतरवावयाची असते हे ठाऊक नसल्याने तो बिचारा आपल्याला व्यसन जडले या भयाने खचतो. तिसऱ्याचे दुःख ओसरते, परंतु त्याबरोबर आनंदही बोथट होतो, कामेच्छा मावळते. आणि ही गोष्ट संकोचापायी तो पत्नीलाही सांगत नाही, मग डॉक्टरांना कोठून सांगणार? पंचविशीच्या आतील रुग्णांच्या मनात आरंभीच्या आठवड्यांत आत्मघाताचे विचार वाढण्याचा संभव असतो, त्यामुळे त्यांच्यावर लक्ष ठेवावे लागते, हेही कित्येक आईबापांच्या कानी पडलेले नसते.

हे सारे पाठ्यपुस्तकांत छापलेले आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ याच्या कलम २२ अन्वये योजलेले उपचार व त्यांचे ज्ञात दुष्परिणाम रुग्णास समजेल अशा भाषेत कळणे हा त्याचा हक्क आहे. २०१० पासून चालू असलेल्या राष्ट्रीय औषधदक्षता कार्यक्रमाकडे रुग्णास स्वतःही दुष्परिणामाची नोंद करता येते. त्यासाठी १८००-१८०-३०२४ हा निःशुल्क क्रमांक आहे. उणीव आहे ती कायदा आणि रुग्ण यांच्यामध्ये बसलेल्या डॉक्टरच्या शिक्षणात.

म्हणून विनंती अशी की, प्रात्यक्षिक परीक्षेत ही गोळी रुग्णास मराठीतून समजावून सांगण्यास व त्याचा अनुभव विचारून टिपून घेण्यास स्वतंत्र गुण असावेत. संलग्न महाविद्यालयांनी रुग्णांना सोबत घेऊन प्रत्येक औषधाचे सुबोध मराठी माहितीपत्रक सिद्ध करावे. आणि रुग्णाने सांगितलेला त्रास ‘मनाचे खेळ’ म्हणून न डावलता औषधदक्षतेच्या दप्तरी दाखल करण्याचा परिपाठ विद्यार्थिदशेतच पडावा. यास मोठा खर्च नाही. ज्याला आपल्या औषधाचा स्वभाव कळला आहे, तो ते मध्येच टाकून देण्याची शक्यता कमी, आणि आजार उलटण्याचे संकटही त्याच प्रमाणात कमी. इतका लाभ पदरात पडत असताना या विषयास परीक्षेच्या नियमांत जागा देण्यास विलंब होऊ नये, अशी कळकळीची प्रार्थना आहे.

आपला नम्र,
नाशिकचा एक रहिवासी