कुत्र्याची जात नंतर, आधी वय विचारा



आमच्या वन्सं 71 वर्षांच्या. यजमान गेल्यापासून इथे रत्नागिरीत घरी एकट्याच असतात. मुलगा पुण्याला. मागच्या महिन्यात त्याने फोनवर जाहीर करून टाकलं, "आईसाठी लॅब्रेडॉरचं पिल्लू आणतोय. सोबत होईल आणि राखणही." आमच्या स्वाध्यायाच्या बायकांत लगेच दोन तट पडले. एकीचं म्हणणं, जैनाच्या घरात कुत्रा नकोच. दुसरी म्हणाली, लॅब्रेडॉर नको, पॉमेरियन आणा. मला दोन्ही पुरतं पटलं नाही, म्हणून हे लिहायला बसले.

आधी जातींचं पाहू. लॅब्रेडॉर स्वभावाने गरीब, पण पुरा वाढला की 25 ते 35 किलोचा होतो. वन्संचं वजन 48 किलो. समोर मांजर दिसली आणि त्याने साखळीला हिसका दिला, तर आपल्या उताराच्या पाखाडीवर कोण कोणाला सांभाळणार? या वयात खुब्याचं हाड मोडलं तर काय होतं, ते आपण घरोघरी पाहिलंय. पगचा मोबाईलच्या जाहिरातीमुळे मध्यंतरी फार बोलबाला झाला, पण त्याचं नाक इतकं चपटं की आपल्या दमट उन्हाळ्यात बिचाऱ्याला श्वास घेणंही जड जातं. हस्की तर बर्फातला प्राणी. त्याला कोकणात आणणं हीच हिंसा. मुधोळ हा आपल्या शेजारच्या कर्नाटकातला, काटक, पण शिकारीसाठी घडवलेला. त्याला रोज मोकळं पळायला लागतं. पॉमेरियन आटोपशीर खरा, पण त्याचे केस रोज विंचरावे लागतात आणि पावसाळ्यात त्यात गोचिड्या शोधत बसावं लागतं.

आणि पिल्लू कुठल्याही जातीचं असो, पहिलं वर्ष-दोन वर्षं ते चपला चावतं, पायात घोटाळतं, रात्री उठवतं. कुत्रा सहज 12-13 वर्षं जगतो. 71 मध्ये 13 मिळवा. हा हिशेब पिल्लू विकणारा करून दाखवत नाही.

आता धर्माचं. श्रावकाचारात हिंस्र प्राणी पाळणं अनर्थदंडात धरलंय, हे खरं आहे. पण त्याच परंपरेत जीवंधरकुमारांची कथा आहे. मार खाऊन मरायला टेकलेल्या कुत्र्याच्या कानात त्यांनी णमोकार मंत्र म्हटला आणि तो जीव यक्ष झाला. कुत्रा हाही पंचेंद्रिय जीव आहे. प्रश्न आपण त्याला कशासाठी आणि कसं ठेवतो, हा आहे.

अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार आपल्याला पाठ आहेत: बंध, वध, छेद, अतिभारारोपण, अन्नपाननिरोध. ते पाळीव कुत्र्याला लावून पाहा. दिवसभर साखळीला बांधणं हा बंध. काठीने हाणणं हा वध. डॉबरमनचे कान आणि शेपूट शोभेसाठी कापणं हा उघड छेद. विक्रीसाठी एकाच कुत्रीला पुन्हा पुन्हा व्यायला लावणं, याला मी तरी अतिभारच म्हणेन. आणि आपण यात्रेला गेलो की त्याला उपाशी ठेवणं हा अन्नपाननिरोध. पैसे देऊन जातिवंत पिल्लू घेणं म्हणजे यातल्या दोन-तीन गोष्टींना आपल्या पैशाने अनुमोदना देणं.

खाण्याची अडचण मात्र वाटते तेवढी मोठी नाही. मांजराला मांसाशिवाय भागत नाही, कुत्र्याचं भागू शकतं. भाकरी, भात, डाळ, दही यांवर कितीतरी गावठी कुत्रे जगतात. फक्त प्रथिनं पुरेशी जातात ना, हे पशुवैद्यांना विचारून घ्यावं. गंमत म्हणजे कांदा-लसूण कुत्र्याला विषासारखे. बेदाणेही देऊ नयेत. तेव्हा आपलं घर त्याला निम्मं सोयीचंच!

म्हणून माझं मत असं: साठीनंतर कुत्रा हवाच असेल तर पाच-सहा वर्षांचा, शांत, गावठी घ्यावा, आणि तोही विकत नाही. आमच्या आळीतलं एक कुटुंब बदली होऊन गेलं आणि त्यांची कुत्री मागेच राहिली. ती आताही त्या बंद फाटकाशी बसून असते. तिचा स्वभाव सगळ्यांना माहीत आहे. अंगावर उडी मारत नाही, हाक मारली की येते. नसबंदी, दरवर्षी रेबीजची लस, रात्री घरात घेणं (बिबट्या आपल्याकडे अंगणातून कुत्रा उचलतो), एवढं केलं की झालं. ती उंदीर धरील, पाल मारील, हे मात्र मान्य करूनच ठेवायला हवं.

हे सगळं मी वन्संना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि मुलाला फोन लावून एकच विचारलं, "मी गेल्यावर हिला तू नेशील का?" तो पलीकडे बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "विचार करून सांगतो, आई."

मला त्याचं ते गप्प राहणं आवडलं. लॅब्रेडॉर आणताना त्याने एवढा विचार केला नव्हता. उत्तर येईपर्यंत वन्सं रोज संध्याकाळी, सूर्यास्ताच्या आत, त्या फाटकाशी दहीभात नेऊन ठेवतात.