मरणानंतरची यंत्रणा आणि जगण्याचा हक्क

कर्जबाजारी शेतकऱ्याने जीवनयात्रा संपविली की शासनयंत्रणा तत्परतेने हलू लागते. पोलीस पंचनामा करतात, महसूल खाते सातबारा व कर्जाचे कागद गोळा करते आणि जिल्हा समिती त्या मरणावर ‘पात्र’ वा ‘अपात्र’ असा शिक्का मारते. ज्याच्या नावावर गुंठाभरही जमीन नाही, त्या ऊसतोड मजुराच्या घरी तर ही समितीदेखील फिरकत नाही. मरणाची छाननी करण्यासाठी एवढी व्यवस्था उभी राहिली. परंतु तोच माणूस झोप उडालेल्या अवस्थेत रात्र-रात्र ओसरीवर बसून होता, तेव्हा त्याने जायचे कोठे?

अहिल्यानगर हा क्षेत्रफळाने राज्यातील सर्वांत मोठा जिल्हा. चौदा तालुके आणि सुमारे १७,००० चौरस किलोमीटरचा विस्तार. शासनाची प्रादेशिक मनोरुग्णालये येरवडा, ठाणे, नागपूर व रत्नागिरी येथे. २०१५ साली शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठी ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू झाला, तो विदर्भ-मराठवाड्यातील १४ जिल्ह्यांसाठी. त्यात बीड होता. बीडला लागून असलेले, तेवढेच दुष्काळी आणि तेवढेच कोयते कारखान्यांवर पाठविणारे पाथर्डी नव्हते. उपचाराविना रस्त्यावर आलेल्या स्त्रियांना नगरजवळ शिंगवे येथे डॉ. राजेंद्र व डॉ. सुचेता धामणे यांच्या ‘माउली’त आसरा मिळतो. परंतु एका दांपत्याच्या करुणेवर शासनाने आपली जबाबदारी सोडून द्यावी काय?

ही जबाबदारी आता कायद्याने निश्चित झालेली आहे. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा मे २०१८ पासून अमलात आला. त्याच्या कलम १८ नुसार मानसिक उपचार हा प्रत्येकाचा हक्क आहे. जिल्ह्यात किमान सरकारी सेवा नसेल, तर त्याच जिल्ह्यातील अन्य सेवेचा खर्च शासनाने सोसावयाचा आहे. जीव देण्याचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र मानसिक ताणाखाली होता असे कलम ११५ गृहीत धरते आणि त्याच्या उपचाराचे व पुनर्वसनाचे कर्तव्य शासनावर टाकते. हे हक्क कागदावरून तालुक्याच्या गावी आणण्यासाठी किती मोर्चे निघाले?

काही साथी म्हणतील, दुःखाचे मूळ आर्थिक आहे. समुपदेशन ही निव्वळ मलमपट्टी. मूळ आर्थिक आहे, हे निर्विवाद. २०१७ साली पुणतांब्याच्या शेतकऱ्यांनी संप पुकारला, तो याच जाणिवेतून. पण रास्त भावाचा लढा वर्षानुवर्षांचा असतो आणि खचलेल्या माणसाला आजची रात्र काढावयाची असते. लढ्याचे फळ पाहावयास तो जगला पाहिजे. शिवाय ऋण फिटल्यावरही आजार उरतो. त्याला औषध लागते, देवऋषी नव्हे.

तज्ज्ञ कमी आहेत, ही सबबही या जिल्ह्याने ऐकून घेऊ नये. जामखेड येथे १९७० पासून डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी अल्पशिक्षित, अनेकदा दलित स्त्रियांना शिकवून गावोगाव आरोग्यसेविका उभ्या केल्या. गोव्यात ‘संगथ’ संस्थेने साध्या माणसांना शिकवून नैराश्याच्या रुग्णांना दिलासा देता येतो हे दाखविले. तेव्हा आपली मागणी स्पष्ट हवी : प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस मानसोपचाराची ओपीडी, तेथेच मोफत औषधे, आणि आशा सेविकांना या कामाचे प्रशिक्षण व त्याचा वेगळा मोबदला.

तोपर्यंत कार्यकर्त्याने काय करावे? खचलेल्या माणसाला स्पष्ट विचारावे, ‘जीव नकोसा झाला आहे काय?’ विचारल्याने तो विचार बळावत नाही. मन मोकळे होते. उपदेश न करता ऐकावे, त्याला एकटे सोडू नये, घरातील कीटकनाशके कुलपात ठेवावयास सांगावे आणि रुग्णालयात सोबत जावे. ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र शासनाची ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र व विनामूल्य मिळते. जिवावर बेतलेच, तर १०८ ची रुग्णवाहिका बोलवावी.

साने गुरुजींनी ११ जून १९५० रोजी स्वतः आपला जीवनप्रवास थांबविला. त्यांच्या त्यागाविषयी आपण भरभरून बोलतो. त्यांच्या मनातील काळोखाविषयी बोलताना अजूनही अडखळतो. तो संकोच आता सोडावा. पुढच्या शाखा-बैठकीत वर्गणीच्या हिशेबाआधी एकमेकांची विचारपूस व्हावी आणि १४४१६ हा क्रमांक गावच्या फलकावर लिहिला जावा.