पंप बंद, विहीर उघडी

जुलै २०२२ मध्ये मेळघाटातल्या पाचडोंगरी आणि कोयलारी या गावांत कॉलऱ्याने माणसे दगावली. वीजबिल थकले, पाणीपुरवठ्याची वीज तुटली, नळ कोरडे पडले आणि लोक उघड्या विहिरीचे पाणी प्यायले. मग सगळी यंत्रणा धावली. साथ आल्यावर ती धावतेच.

साथ येऊ नये यासाठीचे रोजचे कंटाळवाणे काम मात्र ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाच्या गळ्यात. टाकीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकायची, थोडा वेळ थांबायचे, मग पाणी सोडायचे. शेवटच्या नळाच्या पाण्यात ओटीचे (ऑर्थोटोलिडीनचे) थेंब टाकून ते पिवळसर झाले, तर औषध तिथवर पोचले. रंग बदलला नाही, तर नाही. परीक्षा एवढी सोपी आहे. पण ताज्या पावडरीत तीसेक टक्के असणारा क्लोरीन पोते ओलसर खोलीत उघडे राहिले की उडत जातो, आणि मागे जवळजवळ चुनाच उरतो. पोते संपल्याची नोंद होते, क्लोरीन उडाल्याची कोण करणार? त्यात ‘पाण्याला औषधाचा वास मारतो’ अशी दोन घरांतून कुरकुर आली की दुसऱ्या दिवशी पावडर कमी पडते. जलसुरक्षकाला त्याच गावात राहायचे असते, आणि मानधनासाठी ग्रामपंचायतीच्या तोंडाकडे बघायचे असते. त्याच्यावर खापर फोडणे फार सोयीचे आहे.

म्हणून ओटीची बाटली ग्रामपंचायतीच्या कपाटात ठेवू नये. शेवटच्या नळावर पाणी भरणाऱ्या बायकांच्या बचत गटाकडे ती द्यावी. तपासलेले पाणी प्यायचे नाही, ओतून द्यायचे, एवढे पथ्य सांगितले की झाले. पिवळा रंग ओळखायला ग्रामपंचायत अधिकाऱ्याची सही लागत नाही. आशाताईंच्या पिशवीत ओआरएसची पाकिटेही पावसाळ्याआधीच हवीत. कॉलऱ्यात अंगातले पाणी काही तासांत निघून जाते आणि पाड्यावरून दवाखाना गाठायलाच तेवढा वेळ लागतो.

राहिली थकबाकी. ती वसूल जरूर करावी. पण पाणी योजनेची वीज तोडण्याआधी नोटिशीची एक प्रत प्राथमिक आरोग्य केंद्राला गेलीच पाहिजे, आणि गावात टँकर उभा राहीपर्यंत वायरमनने खांबावर चढू नये.