पाळायचा की पाहायचा?

'सरड्यासारखा रंग बदलतो' असं आपण एखाद्याला किती सहज बोलून जातो! पण खरोखर रंग बदलणारा सरडा, म्हणजे शॅमेलिऑन, घरात पाळायची स्वप्नं पाहणारे शौकीन जगभर आहेत. माझ्या भाच्याच्याही डोक्यात हे खूळ शिरलंय. 'मावशी, एक पार्सन्स मिळायला हवा गं!' हे त्याचं पालुपद.

हा पार्सन्स मादागास्कर बेटावरचा. जगातल्या शॅमेलिऑनच्या जवळपास निम्म्या जाती त्या एका बेटावर आहेत. त्यातला हा थोराड गडी. नर दोन फुटांपर्यंत वाढतो. निळसर-हिरवं अंग, दोन दिशांना फिरणारे दोन डोळे. मोह पडावा असाच! पण त्याचं घर म्हणजे पूर्वेकडचं दमट, गार जंगल. पाणी प्यायचं तेही पानांवरचे थेंब चाटून. अंड्यातून पिल्लू बाहेर यायलाच दीड-दोन वर्षं लागतात. आपल्या मे महिन्याच्या उन्हात, त्यात लाइट गेलेली, अशा वेळी काचेच्या पेटीत त्याचं काय होईल, सांगा बरं?

या हौसेपायी जंगलातून इतके सरडे उचलले गेले, की 1995 मध्ये मादागास्करच्या बहुतेक शॅमेलिऑनचा व्यापार थांबवा, असं 'साइटिस' या आंतरराष्ट्रीय कराराखाली सांगावं लागलं. आपल्याकडेही 2024 च्या नियमांनी असे परदेशी प्राणी बाळगणाऱ्यांना नोंदणी सक्तीची केली आहे.

आणि हो, आपल्या कुंपणावर डुलत डुलत चालणारा घोयरा, तोही शॅमेलिऑनच! वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार त्याला पकडायला, पाळायला बंदी आहे. पण तो दिसला की पोरं आधी दगड शोधतात. दूरच्या पार्सन्ससाठी जीव टाकायचा आणि दारातल्याला दगड मारायचा, ही कुठली आवड?

शॅमेलिऑन कुणाला फसवायला रंग बदलत नाही. राग, भीती, ऊन-थंडी, जोडीदाराची ओढ, सगळं त्याच्या कातडीवर उमटतं. घाबरला की तो काळवंडतो. घरातल्या माणसाचा उतरलेला चेहरा आपल्याला लगेच कळतो ना? मग हाही कळायला हवा.

म्हणून मुलांना नुसतं 'नाही' म्हणू नका. त्यांना घोयरा लांबून दाखवा, हात न लावता पाहायला शिकवा. आवडलेली प्रत्येक गोष्ट घरात आणायची नसते, हे त्यांना आपणच सांगायला हवं. नाही का?