निवृत्ती, गुडघे आणि बर्फ

ग्वाल्हेरच्या बालरोगतज्ज्ञाचा हिवाळा कसा जातो, हे या स्मरणिकेच्या वाचकांना सांगावयास नको. डिसेंबरच्या मध्यापासून धुके उतरू लागते, मेळ्याची दुकाने सजतात आणि दवाखान्यातील बाकडी धाप लागलेल्या तान्ह्या बाळांनी व त्यांच्या भेदरलेल्या आयांनी भरून जातात. माझ्या २७ वर्षांच्या व्यवसायातील बहुतेक सारे जानेवारी असेच गेले. नेमक्या त्याच दिवसांत हिमालयाच्या उतारांवर बर्फ साचलेला असतो. बालरोगांचा हंगाम आणि बर्फाचा हंगाम एकच असावा, ही माझी जुनी तक्रार आहे. तिची दाद कोणाकडे मागावी हे मात्र अद्याप उमगलेले नाही.

उन्हाळ्यात ४५ अंशांपर्यंत तापणाऱ्या गावातील मनुष्याने स्कीइंगविषयी लिहावे, याचे काहींना हसू येईल. मलाही आले असते. परंतु २०१९ च्या फेब्रुवारीत, वयाच्या ५१ व्या वर्षी, सौ.च्या आग्रहाखातर मी औलीला गढवाल मंडल विकास निगमचा सात दिवसांचा प्रशिक्षणवर्ग केला आणि त्यानंतर ते वेड सुटलेले नाही. पहिले दोन दिवस केवळ पडण्यात गेले. स्कीची पुढची टोके जवळ आणि मागची फाकवून वेग आवरण्याची जी पहिली युक्ती शिकवतात, तिला 'स्नो-प्लाऊ' म्हणतात. माझ्या बाबतीत हा नांगर बहुधा आडवाच चालला. शेजारच्या उतारावर जोशीमठची सात-आठ वर्षांची मुले शिकत होती. ती पडत, खिदळत आणि उठत. मुलांचा गुरुत्वमध्य जमिनीच्या जवळ असतो, हाडे लवचिक असतात, हे मी विद्यार्थ्यांना अनेकदा सांगितले होते. पण पडताना त्यांचे अंग ताठ होत नाही, हे मी पोटावर पालथा पडलेलो असताना प्रथम नीट पाहिले. सौ. तिसऱ्या दिवशीच सफाईने वळू लागल्या. तो विषय येथे वाढवीत नाही.

आता खर्चाविषयी. हा श्रीमंतांचा शौक आहे, असा आपल्याकडे सर्वसाधारण समज आहे. तो परदेशापुरता बराचसा खरा आहे. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात वेल येथे ऐन हंगामात खिडकीवर एका दिवसाच्या तिकिटाचा दर आता ३०० डॉलरच्या पुढे गेला आहे. माझा एक वर्गमित्र डेन्व्हरला असतो. निवृत्त झाल्यापासून तो दर हिवाळ्यात पाच-सहा ठिकाणी स्कीइंग करतो आणि खिडकीवर कधीही तिकीट काढत नाही. एकाच शुल्कात अनेक पर्वतस्थळे खुली करणारा हंगामी पास तो आदल्या वसंतातच स्वस्तात घेऊन ठेवतो. शनिवार-रविवार नोकरदारांना सोडून मंगळवार-बुधवारी जातो आणि दुपारी गाडीत बसून डब्यातले थालीपीठ खातो. तेथे १९७७ पासून सत्तरीपुढील स्कीपटूंचा एक स्वतंत्र क्लब आहे, आणि युटामधील आल्टा येथे ऐंशीच्या पुढे पैसेच घेत नाहीत, असे तो मला खिजवण्यासाठी वारंवार सांगतो.

आपल्याकडे असा पास नाही; पण त्याची गरजही नाही. औलीला निगमचे वर्ग आहेत, गुलमर्गला केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची संस्था आहे, मनालीला अटलबिहारी वाजपेयी गिर्यारोहण संस्था आहे. या वर्गांच्या शुल्कात निवास, भोजन, साहित्य व प्रशिक्षक साधारणपणे येतात. वयाची अट व वैद्यकीय दाखल्याचा नमुना मात्र आधी विचारून घ्यावा. प्रवास रेल्वेने करावा. ग्वाल्हेरहून उत्कल एक्स्प्रेस हरिद्वारला नेते. माळवा एक्स्प्रेस कटऱ्यापर्यंत जाते, आणि जून २०२५ पासून कटऱ्याहून श्रीनगरला थेट गाडी सुरू झाली आहे. पहिल्या वर्षी स्कीचे साहित्य विकत घेऊ नये. भाड्याने मिळते आणि अंगापायाला काय सोसते ते कळते. औली, सोलंग, नारकंडा अशी आमची तीन ठिकाणे तीन हिवाळ्यांत झाली. उभयतांचा एकूण खर्च आमच्या एकमेव युरोप सहलीपेक्षा कमीच भरला, आणि त्या सहलीत बर्फ आम्ही बसच्या काचेतून पाहिला होता.

तेव्हा अडचण पैशाची नाही. ती दोन ठिकाणी आहे, आणि हा लेख त्यासाठीच लिहीत आहे.

पहिली अडचण गुडघ्यांची. आपल्या ग्वाल्हेरच्या सुपुत्राचे, अटलजींचे, मन मनालीजवळच्या प्रीणी गावी रमत असे. तेथील गिर्यारोहण संस्थेला त्यांचे नाव आहे, रोहतांगखालून जाणाऱ्या, ३ ऑक्टोबर २०२० रोजी खुल्या झालेल्या ९.०२ किलोमीटरच्या बोगद्यालाही आहे. त्यांचा डावा गुडघा २००० मध्ये व उजवा २००१ मध्ये मुंबईत डॉ. चित्तरंजन राणावत यांनी बदलला, तेव्हा पंतप्रधानपदाचा भार त्यांच्या खांद्यांवर होता. आपल्यापैकी कित्येकांचे गुडघे त्याच वाटेवर आहेत. बदललेल्या गुडघ्यावर नव्याने स्कीइंग शिकण्यास अस्थितज्ज्ञ सहसा संमती देत नाहीत; पूर्वीपासून येत असेल तर सौम्य उतारावर पुष्कळदा देतात. म्हणजे निवृत्तीनंतर स्कीइंग करावयाचे असेल तर ते निवृत्तीपूर्वी शिकले पाहिजे. 'एकदा निवृत्त होऊ द्या, मग पाहू' हे आपले आवडते वाक्य येथे कामाचे नाही. (धोक्यांची यादी डॉक्टरांपुढे काय वाचावी? गुडघ्याचे अस्थिबंध, काठी हातात असताना पडल्याने दुखावणारा अंगठा आणि डोके. शिरस्त्राणाविना एकदाही उतरू नये.)

दुसरी अडचण खुद्द बर्फाची. २०२४ च्या जानेवारीत एका सहकाऱ्याच्या गळ्यात दवाखाना घालून आम्ही मोठ्या उमेदीने गुलमर्गला गेलो. गोंडोलाचा पहिला टप्पा १९९८ चा, दुसरा २००५ चा. तो ३,९०० मीटरच्याही वर अफरवटच्या कड्यापर्यंत नेतो. पाहतो तो खालचे सारे पठार तपकिरी, वाळक्या गवताचे. तरुण प्रशिक्षक स्कीवर मेण चढवीत उन्हात बसले होते. त्यांच्या वर्षभराच्या पोटाचा प्रश्न होता, आमची केवळ रजा होती. महिनाअखेरीस तेथे बर्फ पडला, तेव्हा मी ग्वाल्हेरमध्ये नेब्युलायझर लावीत होतो. औलीचा आमच्या आठवणीतला चार किलोमीटरचा रज्जुमार्गही जोशीमठची जमीन खचू लागल्यावर जानेवारी २०२३ मध्ये बंद करावा लागला. आखलेल्या उताराबाहेर जाण्याचा मोह तर कोणीही धरू नये; फेब्रुवारी २०२३ मध्ये अफरवटवर हिमप्रपातात दोन पोलिश स्कीपटूंचा अंत झाला.

आमच्या आधीच्या पिढीतील एक ज्येष्ठ शल्यचिकित्सक, ज्यांच्याकडून मी पुष्कळ शिकलो, त्यांनी हिमालयात पायी हिंडण्याचा बेत साठीनंतरसाठी राखून ठेवला होता. नकाशे आणले होते, बूटही. पासष्टाव्या वर्षी, रुग्ण तपासता तपासता, खुर्चीतच ते गेले. बूट त्यांच्या मुलाने मला दाखविले. तळव्यांना माती लागलेली नव्हती. आपण रुग्णांना रोज चालावयास सांगतो आणि स्वतः रात्री दहापर्यंत बसतो, हे आता विनोदाने बोलण्याजोगे राहिलेले नाही. आणि कोणी म्हणेल, लहान मुले आजारी असताना डॉक्टरने डोंगरावर जावे काय? हा प्रश्न मला स्वतःलाही टोचतो. मी गेलो नाही म्हणून वाचलेली मुले मला आठवतात. पण मी नसताना सहकाऱ्याने वाचवलेलीही आहेत, आणि ती बरी होऊन माझ्याकडे लसीकरणाला आली, तेव्हा माझ्या अहंकाराचे थोडे नुकसान झाले, इतकेच.

म्हणून माझी एक सूचना आहे. आपल्या संस्थेत प्रत्येक शाखेचे तीन-चार डॉक्टर तरी आहेत. हिवाळ्यातील १४ दिवस एकाने दुसऱ्याचा दवाखाना पाहावा, असा लेखी परिपाठ का ठेवू नये? त्याने स्कीइंगच करावे असे नाही; कोणी नर्मदा परिक्रमेचा टप्पा चालेल, कोणी नातवंडांकडे जाईल. रुग्णांना कोठे जावे ते महिनाभर आधी दारावर लिहिलेले असावे, म्हणजे कोणाची परवड होणार नाही. आम्ही दोघे येत्या फेब्रुवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यात पुन्हा गुलमर्गला जाऊ म्हणतो. त्या दिवसांत माझी बाळे सांभाळणारा बालरोगतज्ज्ञ मला हवा आहे. मोबदल्यात त्याच्या पसंतीचे मे महिन्यातील १४ दिवस मी देईन, अतिसाराच्या साथीसह. संस्थेच्या कार्यालयातील वहीत पहिल्या पानावर मी माझे नाव लिहून ठेवले आहे. त्याखालची ओळ रिकामी आहे.