फेटिया उलटा करून पाहा

आमच्या वाशिम जिल्ह्यात कुठल्याही बंजारा तांड्यावर जुन्या फेटियाचं, म्हणजे भरतकामाच्या घागऱ्याचं, वय विचारा, उत्तर ठरलेलं: शंभर-दीडशे वर्षं. शहरातल्या हस्तकलेच्या दुकानात विचारा, उत्तर तेच, फक्त किंमत चढलेली. आणि एखाद्या प्रदर्शनात काचेमागे फेटिया आणि कांचळी, म्हणजे चोळी, लावलेली असेल, तर खाली चिठ्ठी असते, 'पारंपरिक बंजारा पोशाख'. म्हणजे काळाचा पत्ताच नाही. मला या तिन्ही उत्तरांचा राग येतो. आयटीआयमध्ये मुलींना शिवण-कर्तन शिकवण्यात माझी सगळी नोकरी सरली. कपडा कधीचा, हे बऱ्याचदा कपडाच सांगतो. तेवढा तो उलटा करायची तसदी घ्यावी लागते.

सरळ बाजू मिरवायची असते. तिथं आरसे, कवड्या, नाणी, लाल-पिवळ्या दोऱ्याचं भरतकाम. खरी माहिती आतल्या अंगाला: माया किती सोडली, जोड कुठं दिला, पन्हा केवढा, ठिगळ कशाचं, गाठ कुणाच्या हातची. दुसऱ्यांनी पाहावं म्हणून बाईनं जे शिवलं नाही, ते मी आधी पाहते.

पहिला गैरसमज हाताच्या टाक्यांचा. हातानं शिवलंय म्हणजे जुनं, असं शिकलेली माणसंही धरून चालतात. तसं नाही. सिंगरनं शिवणयंत्राचं पेटंट 1851 मध्ये घेतलं, उषाची यंत्रं 1930 च्या दशकात कलकत्त्यात बनू लागली. पण यंत्र बाजारात असणं आणि मानोऱ्याच्या एखाद्या तांड्यावर असणं यांत दोन पिढ्यांचं अंतर पडू शकतं. यंत्राची टीप दिसली तर कपडा यंत्र आल्यानंतरचा, एवढं नक्की. हाताचा धावदोरा दिसला तर त्यावरून काहीच ठरत नाही. कालपरवाही हातानं भरणाऱ्या बायका आहेत. एखादा पुरावा 'याच्या आधीचा नाही' एवढंच सांगतो, 'इतका जुना आहे' असं सांगत नाही. हा फरक कळला की निम्मं काम झालं.

असा पुरावा सगळ्यांत पक्का मिळतो नाण्यांतून. अमेरिकेत जुन्या फ्रॉकचा काळ ठरवणारे हौशी लोक आत शिवलेलं कामगार संघटनेचं लेबल शोधतात, कारण त्या लेबलाचं डिझाइन काळानुसार बदलत गेलं. आपल्या फेटियाला लेबल नाही, पण सरकारनं साल छापून दिलेली नाणी टाचलेली आहेत. यापेक्षा जास्त काय हवं? मात्र ती वाचताना लोक हमखास चुकतात. राणीछाप रुपया दिसला, त्यावर 1862 वाचलं, की फेटिया 1862 चा! एक तर 1862 सालाचा रुपया टांकसाळी 1874 पर्यंत तेच साल ठेवून पाडत होत्या. दुसरं, चांदीचा रुपया सासूकडून सुनेकडे, एका कपड्यावरून दुसऱ्या कपड्यावर जातो. म्हणून सगळ्यांत जुनं नाणं बाजूला ठेवायचं आणि सगळ्यांत नवं शोधायचं. मधोमध भोक असलेला पैसा 1943 ते 1947 या काळातला. टाचायला त्याच्याइतकं सोयीचं नाणं नाही, भोक सरकारनंच पाडून दिलेलं. 'नये पैसे' असं लिहिलेलं असेल तर 1957 नंतरचं, कारण दशमान पद्धत त्या वर्षी 1 एप्रिलला आली. 1964 मध्ये त्यातला 'नये' गेला. पिवळं, कमळाचं वीस पैशांचं नाणं 1968 पासूनचं. ते सोन्यासारखं चमके, त्यामुळे बायकांना फार आवडायचं.

नाणी नसतील तर धातू पाहा. अॅल्युमिनियमचा लोलक किंवा टिकली असेल, तर कपडा विसाव्या शतकातला समजावा. हा धातू स्वस्तात काढायची रीत 1886 मध्ये सापडली, आणि आपल्या आठवडी बाजारात तो त्यानंतर बऱ्याच काळानं उतरला. आरसेही बोलतात. काचेचा फुगा फुंकून, तो फोडून केलेला आरसा किंचित फुगीर आणि पातळ असतो, कड वेडीवाकडी. यंत्रानं कापलेला आरसा सपाट आणि एकसारखा.

मग कापड. हातमागाचा पन्हा लहान, म्हणून घेर मोठा करायला जोड जास्त. गिरणीचं कापड आलं तसे जोड कमी झाले. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात 1 जानेवारी 1877 ला सुरू झाली; पुढं अकोला, बडनेरा, हिंगणघाट इथंही गिरण्या उभ्या राहिल्या. आपल्याच शेतातला कापूस कापड होऊन परत येऊ लागला. गिरणीचा शिक्का असलेला तुकडा बाई बाहेरून लावत नाही, आतून अस्तराला लावते. असा शिक्का सापडला तर मला सोनं सापडल्यासारखं होतं. त्यावर 'मीटर' असेल तर कापड अलीकडचं, कारण मीटरपद्धत 1958 पासून टप्प्याटप्प्यानं येऊन 1962 मध्ये सक्तीची झाली. 'यार्ड' असेल तर त्याआधीचं असण्याची शक्यता मोठी.

रंगाबद्दल मी जपून बोलते. वऱ्हाडात पूर्वी लाल रंग आल नावाच्या झाडाचा असे. आलाची मुळं खणून, उकळून तो काढत. जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी 1869 च्या सुमारास अलिझरीन कारखान्यात बनवलं आणि पुढच्या काही दशकांत आलाचा धंदा बसला. पण नुसत्या डोळ्यांनी लाल पाहून 'हा आल, हा अलिझरीन' असं सांगणाऱ्या तज्ज्ञांवर माझा विश्वास नाही. निळ्याचं तर विचारूच नका. कृत्रिम नीळ 1897 मध्ये बाजारात आली आणि ती रसायन म्हणून झाडाच्या निळीसारखीच असते. तिथं प्रयोगशाळाच हवी.

धाग्याचा मात्र घरी निकाल लागतो. आतल्या मायेतून एक तंतू चिमट्यानं काढून जाळायचा. सूत कागदासारखं जळतं आणि राख होते. पॉलिएस्टर वितळतं आणि काळी टणक गोळी उरते. गोळी उरली की तो भाग साठच्या दशकाच्या आधीचा नाही, टेरिलीन-टेरिकॉट आपल्या बाजारात तेव्हाच आलं. काहीजण नोटा तपासायचा जांभळा दिवाही मारतात. कापड निळसर चमकलं तर नवं, कारण पांढरेपणा आणणारी रसायनं दुसऱ्या महायुद्धाच्या आसपासची आहेत. पण तोच फेटिया गेल्या दिवाळीत टिनोपॉलमध्ये बुडवला असेल तर? तर शंभर वर्षांचं कापडही चमकेल. म्हणून दिवा मारण्याआधी घरच्या बाईला विचारावं, शेवटचा कधी धुतला.

मानोरा तालुक्यातल्या एका तांड्यावर माझ्या जुन्या विद्यार्थिनीच्या सासूनं ट्रंकेतून फेटिया काढला. दीडशे वर्षांचा, माझ्या आजेसासूचा, असं तिनं सांगितलं. मी तो खाटेवर उलटा पसरला. कमरपट्टीचं भरतकाम अतिशय दाट, आतून दोन पदरी हातमागाचं कापड. तिच्या कडेला रिकाम्या भोकांची एक ओळ होती, तिथं आता टाका नव्हता. म्हणजे पट्टी आधी दुसऱ्याच घेराला लावलेली होती आणि तिथून उसवून इथं आणली होती. घेर गिरणीच्या लाल कापडाचा. खालची पट्टी टेरिकॉटची, यंत्राची टीप मारलेली. नाण्यांत एक राणीछाप रुपया, बरेचसे भोकाचे पैसे आणि टोकाला कमळाचे वीस पैसे.

मी भीतभीतच म्हटलं, "काकू, आज दिसतो तसा हा फेटिया 1968 च्या आधीचा नाही. पट्टी मात्र बरीच जुनी आहे."

वाटलं, बाई खट्टू होईल. ती हसली. "कमळाचे पैसे तं म्याच लावले बाई! लग्न होऊन आली तवा. जुना घेर पार फाटला होता, पट्टी तेवढी चांगली. सासू म्हणे, फेकू नको." आणि मग ती बोलतच सुटली. लाल कापड कुठल्या बाजारातून आणलं, तांड्यावर पहिलं यंत्र कुणाकडे आलं, खालची पट्टी कुणाच्या लग्नात लावली. दीडशे वर्षांच्या गोष्टीत या बाईला जागाच नव्हती. तिथं होती फक्त आजेसासू. टाके मोजल्यावर तीन बाया दिसल्या आणि त्यातली एक समोर चहा ठेवत होती.

माझं म्हणणं एवढंच आहे. 'फार जुना' म्हणताना आपण कपड्याचा मान वाढवतो असं वाटतं, पण त्यात तो करणाऱ्या बाईचं नाव पुसलं जातं. टेरिकॉट आणि प्लॅस्टिकचे मणी पाहून नाक मुरडणारे संग्राहकही तेच करतात. त्यांना 'शुद्ध' हवं असतं. नसलं तर व्यापारी पट्टी कापून पिशवी करतो, आरशांचे तुकडे उशीच्या अभ्र्यावर लागतात. एकदा माया कापली, जोड गेला, की त्या कपड्याचा काळ कुणालाही सांगता येणार नाही. जातीच्या दाखल्यासाठी पणजोबांचा कागद आपण तहसिलातून खणून काढतो. पणजीचा कागद ट्रंकेत आहे आणि तो आपण किलोवर विकतो.

कर्नाटकानं या बाबतीत आपल्यापुढं पाऊल टाकलंय. बंजाऱ्यांना तिकडे लंबाणी म्हणतात; संडूरच्या लंबाणी भरतकामाला भौगोलिक मानांकन आहे. जुलै 2023 मध्ये हंपीला जी-20 च्या बैठकीच्या निमित्तानं 1755 लंबाणी वस्तू मांडून गिनेस विक्रमही झाला. विक्रमाचं मला फार कौतुक नाही. पण भरणाऱ्या बायकांची दखल घेतली गेली, हे खरं. आपल्याकडे पोहरादेवीला बंजारा विरासत संग्रहालय 5 ऑक्टोबर 2024 ला सुरू झालं. नंगाऱ्याच्या आकाराची ती भव्य इमारत आता आपल्या जिल्ह्याची ओळख आहे. तिला जोडून एक साधं काम व्हावं, असं मला वाटतं.

रामनवमीला पोहरादेवीत देशभरातून लोक येतात. बायका जुने कपडे अंगावर घालून येतात, काहीजणी गाठोड्यात आणतात. तिथं मंडपात एक टेबल मांडावं. आयटीआयच्या शिवणकामाच्या मुली बसवाव्या, त्यांना बंजाऱ्यांची गोरबोली येत असेल तर उत्तम. भिंग, मोजपट्टी, मोबाईल आणि एक वही, बस्स. कपडा उलटा करायचा, दोन्ही बाजूंचे फोटो काढायचे, सगळ्यांत नवं नाणं लिहायचं, पन्हा मोजायचा. मग घालणाऱ्या बाईला विचारायचं: हा भाग कुणी लावला, कधी, कशासाठी. तिचं नाव आधी आणि तारीख नंतर लिहायची, तीही 'अमुक सालानंतर' अशीच. कपडा विकत घ्यायचा नाही, ठेवून घ्यायचा नाही, तासाभरात तिच्या हातात परत द्यायचा.

तोवर ज्यांच्या ट्रंकेत असा कपडा आहे, त्यांच्यासाठी थोडं घरगुती. धुऊ नका, कच्चा लाल रंग एका पाण्यात सगळीकडे फुटतो. डांबरगोळ्या थेट कापडावर टाकू नका. प्लॅस्टिकच्या पिशवीऐवजी जुन्या धुतलेल्या सुती लुगड्यात गुंडाळा, आणि घडी दर पावसाळ्यानंतर वेगळ्या रेषेवर घाला, म्हणजे आरशांच्या वजनानं एकाच जागी कापड चिरत नाही. नाणी सुटली तर फेविकॉलनं चिकटवू नका. सुटलेलं नाणं, त्याचा दोरा आणि ते कुठलं होतं हे लिहिलेली चिठ्ठी एका पाकिटात घालून तिथंच ठेवा.